‘सी ड्राइव्ह पाच मिनिटांत वाढवा’ : एका भूकरमापकाची हरकत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत ‘सी ड्राइव्ह भरली? पाच मिनिटांत वाढवा’ असा चौकटीतला मजकूर आला होता. त्यावर माझी हरकत आहे. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून काढली, त्यामुळं हरकत हा शब्द मी भांडणाच्या अर्थानं वापरत नाही. ज्याच्या हद्दीला धक्का लागला त्यानं म्हणणं मांडावं आणि ते कागदावर राहावं, एवढंच. माझ्याकडं त्या पाच मिनिटांचे अकरा दिवस झाले.

पुढच्याच आठवड्यात आपण एका वाचकांचं पत्र छापलंत. सामान्य माणसानं पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे तुकडे पाडण्या-हलवण्याच्या, भानगडीत पडूच नये, कॉम्प्युटर सरळ दुकानात द्यावा, असं त्यांचं म्हणणं. तेही मला पटलेलं नाही. पण त्याकडं नंतर येतो, आधी जागेची पाहणी.

आमचा कॉम्प्युटर २०१४ साली दुकानातून जोडून घेतलेला. हार्ड डिस्क एक टीबीची, विंडोजमध्ये दिसते ९३१ जीबी. मधले ६९ जीबी दुकानदारानं खाल्ले, असा आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत पक्का समज होता. खरं म्हणजे डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. गुंठा आणि आर एकच, असं म्हणणाऱ्यांशी मी नोकरीभर वाद घातला आहे (गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर शंभर), त्यामुळं हा घोळ मला चटकन उमगला. बाकीच्यांना अजून पटलेला नाही.

या डिस्कवर डावीकडून उजवीकडं असे तुकडे होते : सुरुवातीला सिस्टिम रिझर्व्हड नावाचा १०० एमबीचा, मग सी, मग रिकव्हरीचा (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला) ४५० एमबीचा एक पट्टा, आणि त्यापुढं एक्स्टेंडेड पार्टिशनच्या कुंपणात डी आणि ई. सी ड्राइव्ह ९७ जीबीचीच का? दुकानातल्या पोरानं जोडताना एक लाख एमबी असा गोल आकडा टाकला होता. १०२४ नं भागलं की ९७.६६ येतात. पुढं विंडोज ७ चं विंडोज १० झालं तेव्हा त्यानं सीच्याच उजव्या कडेनं ४५० एमबी कापून रिकव्हरीसाठी घेतले. आम्हाला नोटीस नाही, काही नाही. रस्ता रुंदीकरणात बांधालगतची पट्टी जावी तसं.

आता सी भरली. लाल पट्टी, तीन जीबी शिल्लक. डीवर मात्र दोनशे जीबी मोकळे. आपल्या चौकटीत लिहिलं होतं की डी कमी करा आणि तीच जागा सीला जोडा. वाचताना वाटलं, यात काय अवघड आहे? विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट असतं. ते उघडून डीवर राइट क्लिक केलं आणि श्रिंक व्हॉल्यूम घेतलं. दोनशे जीबी मोकळे असूनही विंडोज म्हणालं, फक्त ६१ देतो. याचं कारण नंतर कळलं. मोकळी जागा किती आहे याला इथं किंमत नाही. शेवटची न हलणारी फाइल कुठं बसली आहे, तिथपर्यंतच आक्रसता येतं. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ॲप्लिकेशनच्या यादीत २५९ नंबरची नोंद असते, तिच्यात त्या फाइलचं नावच लिहिलेलं असतं. आमच्याकडं ती निघाली एमएफटी, म्हणजे डीवरच्या सगळ्या फाइलींचं रजिस्टर. रानात मधोमध विहीर असली की विहिरीपलीकडचाच तुकडा वेगळा काढता येतो, तसं. सी ड्राइव्हच्या बाबतीत बहुधा हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना मेमरी जिच्यात उतरवतात ती), पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची) आणि रिस्टोअर पॉइंट (मागं परतण्यासाठी ठेवलेल्या नोंदी) आडवे येतात. त्या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करून, मशीन रिस्टार्ट करून श्रिंक केलं तर जास्त जागा सुटते. विखुरलेल्या फाइलींच्या तुकडेजोडीसाठी डीफ्रॅगही करतात. आमच्या खात्यातल्या एकत्रीकरण योजनेसारखंच ते काम, फक्त इथं खातेदार कोर्टात जात नाहीत.

असो. ६१ तर ६१, घेतले. मग सीवर राइट क्लिक केलं, तर एक्स्टेंड व्हॉल्यूम ही ओळ फिकट, दाबतच नाही. तासभर मी ती फिकट ओळ दाबत बसलो. चष्मा पुसला, मशीन रिस्टार्ट केलं, पुन्हा दाबली.

इथं माझ्या धंद्याची मला लाज वाटली. लगत असल्याशिवाय जमीन जोडता येत नाही, हे आयुष्यभर लोकांना सांगत आलो. सीची हद्द उजव्या बाजूला जिथं संपते तिथंच मोकळी जागा हवी. माझी मोकळी जागा निघाली डीच्या पलीकडं. मधे दोन खातेदार : रिकव्हरी आणि डी. शिवाय आणखी एक बारीक गोष्ट होती, जी आपल्या चौकटीत नव्हती आणि मला तीन दिवसांनी कळली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी जागा दोन रंगांत दिसते. वर काळी पट्टी असेल तर ती कुणाच्याच नावावर नसलेली, अनॲलोकेटेड. फिकट हिरवी असेल तर ती एक्स्टेंडेडच्या कुंपणाआतली, तिथं नाव फ्री स्पेस असं लिहिलेलं असतं. काळी जागा सीला जोडता येते, हिरवी येत नाही. माझी हिरवी होती. ज्यांचा कॉम्प्युटर जुना आहे त्यांनी पुढचं काही करण्याआधी तो रंग बघावा.

हे कुंपण असतंच कशाला, असं कुणी विचारेल. जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, डिस्कच्या पहिल्याच सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा) तुकड्यांची नोंद असते आणि तिच्यात रकानेच चार. ही पद्धत १९८३ पासूनची. चारपेक्षा जास्त तुकडे हवे असतील तर चौथ्या रकान्यात एक्स्टेंडेड लिहायचं आणि त्याच्या पोटात हवे तेवढे पोटहिस्से पाडायचे. त्या पोटहिश्शांची एकत्र यादी कुठंच नसते. पहिल्याच्या तोंडाशी दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याच्या तोंडाशी तिसऱ्याचा. मधला एक कागद फाटला की पुढचे सगळे बेपत्ता. नव्या मशीनवर जीपीटी पद्धत असते, तिच्यात विंडोज १२८ तुकड्यांची सोय ठेवतं आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. दोन टीबीच्या पुढची जागा एमबीआरला मोजताच येत नाही, हा आणखी एक फरक. माझी डिस्क जुन्या पद्धतीची, आणि मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

मग मी आपल्या चौकटीत सांगितल्याप्रमाणे एक फुकटचं पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष त्याचा किती आणि माझा किती, याचा निकाल लागलेला नाही. दिसायला ते फार गोड. माउसनं पट्टी ओढायची की तुकडा लांब होतो. डी उजवीकडं सरकव, कुंपण मागं घे, रिकव्हरी सरकव, सी वाढव. चार कामं डावीकडं यादीत लागली. पट्टी ओढताना काहीच घडत नसतं, फक्त यादी होत असते. खरं काम अप्लाय दाबल्यावर. सरकव म्हणजे डीवरचा सगळा डाटा उचलून ६१ जीबी पुढं नेऊन ठेवायचा, एकेक घास. घरातलं सामान न काढता भिंत सरकवण्यातला प्रकार. त्याला तास लागतात, पाच मिनिटं नव्हे.

अप्लाय दाबल्यावर पहिली एरर आली : डीच्या फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत, आधी चेकडिस्क (डिस्क तपासायचं विंडोजचं साधन) करा. केलं. चुका दुरुस्त करणारं स्लॅश एफ लावून, चाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा अप्लाय. मशीन रिस्टार्ट झालं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि दोन टक्क्यांवर थांबून इंग्रजीत एक ओळ व आकडा : डिस्क वाचता आली नाही. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. पंचनाम्याची सवय. मशीन आपसूक पुन्हा चालू झालं. सी होती, डी होती. ई नव्हती.

ईवर काय होतं ते सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या थोरल्या बंधूंच्या घरात ते माळ्याला टेकलं. वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या खतावण्या, मोडीतली पत्रं, दोन पिढ्यांच्या वाटणीचे कागद हे सगळं फडताळात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही ते गच्चीत दोऱ्या बांधून वाळवलं. सुकल्यावर पानं पापडासारखी झाली, उचलली की कोपरा हातात. मी एकेक पान काचेवर ठेवून स्कॅन केलं. ११४० पानं, सात महिने. मूळ कागदांना बुरशी धरली आणि पुढच्या पावसाळ्यात ते टाकून द्यावे लागले. म्हणजे ई ड्राइव्हवर जे होतं त्याला आता दुसरा पुरावा नव्हता. बॅकअप का नव्हता, असं आपण विचाराल. पेन ड्राइव्ह आणायचा होता. पाच वर्षं आणायचा होता.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईच्या जागी तीच फिकट हिरवी पट्टी. मी दुकानात फोन लावला. दुकान कुठलं ते महत्त्वाचं नाही, अशी सांगलीत काय किंवा मिरजेत काय बरीच आहेत. पलीकडून उत्तर आलं, “काका, त्या हिरव्यावर राइट क्लिक करून न्यू सिम्पल व्हॉल्यूम करा, ड्राइव्ह परत दिसंल.” मी केलं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. चौथ्या पानावर ‘फॉरमॅट’ आणि खाली ‘क्विक फॉरमॅट’ला आधीच टिकमार्क. सहीआधी मजकूर वाचायची खोड नोकरीनं लावलेली, म्हणून थांबलो. पुन्हा फोन केला. म्हणाला, “फॉरमॅट तर मारावाच लागतो. डाटा पाहिजे असला तर रिकव्हरीला पुण्याला पाठवू, पंधरा हजार धरून चाला, गॅरंटी नाही.” ड्राइव्ह परत दिसंल, हे त्याचं खोटं नव्हतं. ड्राइव्ह दिसली असती. रिकामी.

आम्ही विश्रामबागेत राहतो. वरच्या खोलीत वालचंद कॉलेजची दोन मुलं भाड्यानं राहतात, एक जतचा, एक आटपाडीचा. तोवर त्यांच्याशी माझा संबंध पाण्याच्या टाकीपुरता. जतचा खाली आला, मोबाइलमधला फोटो त्यानं मोठा करून पाहिला, आणि पहिलं वाक्य बोलला, “काका, आता या डिस्कवर काहीसुद्धा लिहायचं नाही. मशीन बंद करा.” मी म्हटलं, “अरे, पण ई गेली ना.” तर म्हणाला, “ई कुठं जातीय? सातबारा हरवला म्हणून रान वाहून जातंय व्हय?”

हे त्यानं मला ऐकवलं. मी काही बोललो नाही.

त्यांनी पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) आणलं आणि विंडोज न उघडता मशीन त्याच्यावर चालू केलं. आधी डिस्कची तब्येत पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःचं आजारपण स्वतः लिहून ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. (विंडोजमध्ये हे पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, निळं ‘गुड’ असेल तर ठीक, पिवळं ‘कॉशन’ असेल तर हात काढून घ्यावा.) आमच्या डिस्कच्या यादीत सी५ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निर्णय न झालेल्या सेक्टरांच्या ओळीत, आकडा होता ८. मला वाटलं, लाखो सेक्टरांत आठ म्हणजे काय! पण आठ म्हणजे एकच जागा : डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि हिशेब ५१२ चा ठेवतात, म्हणून एक खराब झाला की आठ दिसतात. एवढ्या एका ठिकाणी सॉफ्टवेअर अडलं. साखळीतली पहिली नोंद त्यानं बदलली, पुढं वाचता येईना म्हणून तिथंच थांबलं, आणि ईचा पत्ता सांगणारा कागद अर्धवट राहिला, असा पोरांचा अंदाज. आणि मी त्याच आजारी डिस्कवर चाळीस मिनिटं चेकडिस्क चालवलं होतं. तेही करायला नको होतं. आधी नक्कल, मग दुरुस्ती.

नक्कल काढायला मी साडेसहा हजारांची दोन टीबीची बाहेरची डिस्क आणली. ती आटपाडीच्यानं मशीनच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या निळ्या पोर्टला लावली. पुढच्यावर आठ तास लागले असते, निळ्यावर तीन-साडेतीन. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तो सेक्टरमागून सेक्टर उतरवत जातो. एखादा वाचता आला नाही तर हटून बसत नाही, पुढं जातो, आणि राहिलेल्याकडं शेवटी परत येतो. कुठवर आलो याची तो एका फाइलमध्ये नोंद ठेवतो. ती फाइल त्यांनी वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली होती. रात्री पावणेबाराला वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी फक्त शिट्टी वाजवण्यापुरती राहिलेली. मी देवासमोर जाऊन उभा राहिलो. पोरं जिन्यात बसून भडंग खात होती. वीज आल्यावर मशीन चालू केलं, तीच आज्ञा दिली, आणि ते जिथं थांबलं होतं तिथून पुढं निघालं. हेच जर पार्टिशन सरकवताना झालं असतं तर! ज्यांच्याकडं यूपीएस चालत नाही त्यांनी तुकडे सरकवण्याचं काम काढूच नये. लॅपटॉपवाल्यांनीसुद्धा चार्जर लावूनच करावं.

पहाटे काम संपलं तेव्हा ९३१ जीबीपैकी वाचता न आलेले बाइट होते ४०९६. तोच एक सेक्टर.

मग टेस्टडिस्क, हरवलेले तुकडे शोधणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, आणि दिसायला पार्टिशन सॉफ्टवेअरच्या अगदी उलट. ओढायला पट्ट्या नाहीत, रंग नाहीत, काळ्या पडद्यावर ओळी. नकलेची डिस्क निवडली (मूळ डिस्क तोवर काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली होती), टेबलाचा प्रकार इंटेल (म्हणजे एमबीआर), मग ॲनलाइज, मग क्विक सर्च. ते डिस्कवरून फिरतं आणि कुठं कुठं तुकड्याच्या सुरुवातीच्या खुणा दिसतात ते शोधतं. नकाशा फाटला की आम्ही शिवारात जाऊन हद्दीचे दगड हुडकायचो, अगदी तेच. पाच ओळी आल्या. शेवटच्या ओळीपुढं एल, म्हणजे लॉजिकल, कुंपणातला पोटहिस्सा. त्यावर पी हे अक्षर दाबलं की आतल्या फाइली दिसतात. दिसल्या. मी ज्यांना मराठीत नावं दिली होती त्यांच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या, पण आकड्यांच्या फाइली स्वच्छ वाचता येत होत्या. ०४१३ वर माझी नजर गेली. ते वडिलांच्या खतावणीतलं पान, त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल आहे. नंतर राइट, वाय, रिस्टार्ट. ई आली.

इथं पत्र संपलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. पण जतच्या मुलानं विचारलं, “काका, सी भरली कशानं ते कुणी बघितलंय का?” कुणी बघितलं नव्हतं. त्यानं फोल्डर मोजले. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक पानाची एक न दाबलेली प्रत सीवरच्या आपल्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती. ए-फोर कागद ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे पानाला सुमारे २५ एमबी. पुढं केव्हा तरी माझ्या हातून सेटिंग बदललं गेलं असावं, कारण प्रती पहिल्या ८५० पानांच्याच होत्या. तरी एकवीस जीबी. सी ज्यानं भरली होती ते हेच. ज्या पानांसाठी मी आठ रात्री झोपलो नाही, त्यातली पाऊण पानं पूर्ण वेळ सीवर बसून होती, आणि त्यांनाच जागा करून द्यायला मी पार्टिशन हलवत होतो. ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नेलं, हायबरनेशन बंद करून आणखी तीन जीबी सोडवले, आणि सी निळी झाली. त्याला मात्र खरोखर पाच मिनिटं लागली.

आता त्या वाचकांच्या पत्राविषयी. पार्टिशनला हातच लावू नये, हे म्हणायला ठीक. पण जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चा एक सुरक्षा अपडेट आला आणि कित्येक घरच्या मशीनवर शून्य-एक्स-८००७०६४३ ही एरर देऊन अडला. कारण काय, तर रिकव्हरी पार्टिशन अपुरं. त्यावर मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेला उपाय असा की वापरणाऱ्यानं स्वतः सी २५० एमबीनं आक्रसून रिकव्हरी वाढवावं, तेही काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून. म्हणजे हात लावायची वेळ आपल्यावर आणली जाते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. २०१४ च्या माझ्या मशीनसारखी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून लोक शेजारी लिनक्स टाकायला बघतात, त्यासाठी तुकडा पाडतात. दुसरे कुणी विंडोज ११ साठी एमबीआरचं जीपीटी करायला जातात. विंडोजसोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन एक्स्टेंडेड पार्टिशन असलं की तपासणीतच नापास करतं, आणि मग लोक बाहेरची सॉफ्टवेअरं शोधतात. चार तुकडे असलेल्या जुन्या डिस्कवर पाचवा पाडायला गेलं की विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक (विंडोजच्या वेगळ्या नोंदपद्धतीची) करू का? हो म्हटलं की परत बेसिक, म्हणजे साधी, करायला, विंडोजच्या साधनांनी तरी, सगळे तुकडे पुसावे लागतात. नव्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट : मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिचे तुकडे हलवण्याआधी ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतलेली असावी. आमच्या सूनबाईंच्या लॅपटॉपला असं कुलूप आहे हे आम्हाला या निमित्तानं कळलं.

आणि दुकानात द्यावं म्हणाल, तर दुकानाचा अनुभव वर दिला आहेच. दुकानवाला लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याच्याकडं दिवसाला वीस मशीनं येतात, फॉरमॅट मारला की अर्ध्या तासात मशीन चालू होतं आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. आत काय आहे ते त्याला दिसत नाही आणि विचारायला सवड नाही. आपण विचारायचं तर आपल्याला ती इंग्रजी ओळ वाचता आली पाहिजे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. आपण रोज कोयनेचा विसर्ग छापता, वारणेची पातळी छापता, मार्केट यार्डातला हळदीचा भाव छापता. पुरवणीत कधी तरी अर्धं पान द्यावं आणि अशा वेळी पडद्यावर येणारे संदेश मराठीत छापावेत, प्रत्येकापुढं ‘लगेच काय करू नये’ असं एकच वाक्य. ‘ही ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं मशीन म्हणतं तेव्हा कॅन्सल दाबावं, हे एवढं जरी छापलंत तरी कुणाच्या लग्नाचे फोटो वाचतील. आमच्या गल्लीतल्या एकांचे गेल्या दिवाळीत गेले. ‘रॉ’ असं लिहून आलं की आतला माल गेला असा अर्थ नसतो, खुणा वाचता येत नाहीत एवढाच असतो. एक्स्टेंड फिकट असलं तर लगतची जागा पाहावी. आणि कुठलाही तुकडा हलवण्याआधी स्मार्टचा रंग बघावा, हे सगळ्यांत वर.

मी पोरांच्या मदतीनं असे आठ संदेश मराठीत उतरवले आहेत, सोबतच्या दोन कागदांवर आहेत. मानधन नको. भाषा आपल्या पद्धतीनं हवी तर बदलावी. शीर्षकात ‘पाच मिनिटांत’ हे शब्द तेवढे घालू नयेत.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
विश्रामबाग, सांगली
(नाव-पत्ता पाकिटावर आहे, छापू नये.)